घरु किथे आहे?

चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष, जवळ आला की एक संदेश न चुकता फिरू लागतो. सिंधी समाजाने राज्य मागितलं नाही, आरक्षण मागितलं नाही, रडत बसला नाही. पापड विकले, कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेऊन गाव फिरला आणि आज हाँगकाँगपासून पनामापर्यंत दुकानं थाटून बसला. संदेश इथे थांबला असता तर माझी काही तक्रार नव्हती, पण शेवटी एक ओळ असतेच : हे बाकीच्यांना का जमत नाही? ‘बाकीचे’ म्हणजे कोण ते ज्याने त्याने ठरवायचं. आमच्याकडे कोल्हापूर-सातारा पट्ट्यात त्याचा रोख कोयना-चांदोलीच्या धरणग्रस्तांवर असतो. मग कोणीतरी उत्तर देतं की सिंध्यांनी पैशापायी भाषा सोडली, त्यांचं काय कौतुक करता? दोन दिवस खडाजंगी चालते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात. सिंध्यांना मूळ गावाची गरज उरली नाही, म्हणून ते जगभर पसरले, असं दोघांनाही वाटतं. एकाला त्यात पराक्रम दिसतो, दुसऱ्याला बेपर्वाई. मला हे मुळातच खोटं वाटतं. जमिनीवाचून समाज नीट जगू शकतो याचा पुरावा म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांचाच इतिहास नेमकं उलटं सांगतो. पाय ठेवायला हक्काची जागा असली तरच माणूस जगभर पसरूनही स्वतः राहतो. ती गेली की तो पसरलेला राहतो, पण त्याची बोली दोन पिढ्यांत ओसरते.

कोल्हापूरकरांना शेजारचं गांधीनगर, म्हणजे सिंध्यांची कापडाची बाजारपेठ, वेगळं सांगायला नको. लग्नाचा बस्ता बांधायचा तर पावलं आपोआप तिकडे वळतात. आमच्या घरातल्या तीन लग्नांचा बस्ता एकाच दुकानात बांधला. गादीवर बसलेले शेठ आता सत्तरी ओलांडलेले. ‘बसा की पावणं, च्या सांगतो’ असं अस्सल कोल्हापुरी बोलतात. मागच्या वेळी आम्ही साड्या बघत असताना त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती स्पेनच्या कॅनरी बेटांवर लास पाल्मासला असते, सासरचं दुकान तिथे आहे. शेठनी सात-आठ वर्षांच्या नातवाला विचारलं, ‘मानी खाधइ?’ जेवलास का? पोराने आईकडे पाहिलं. आईने स्पॅनिशमध्ये सांगितलं, मग त्याने मान हलवली.

फोन ठेवल्यावर शेठ मला एक शब्द समजावत बसले. सिंधीत मुलाला ‘ॿारु’ म्हणतात. हा ॿ आपला ब नव्हे. ओठ मिटायचे आणि वारं बाहेर न सोडता आत ओढायचं. ‘तुमच्यात हा आवाज न्हाई,’ ते म्हणाले. मी तीन-चारदा प्रयत्न केला, जमलं नाही. आत न ओढता साधा ब म्हटला की शब्द होतो ‘बारु’, आणि बारु म्हणजे ओझं. नातू स्वतःला काय म्हणवतो, तर बारु. असे आत ओढायचे चार आवाज त्या भाषेत आहेत. देवनागरीत त्यांच्यासाठी खाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं केलेली आहेत. आणि त्याच भाषेत ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात. ‘घरु किथे आहे?’, म्हणजे घर कुठे आहे, हे वाक्य मराठी कानाला निम्मं तरी ओळखीचं वाटतं. गुजराती, हिंदी, कानडी या आपल्या सख्ख्या शेजारणी, पण ‘आहे’ म्हणणारी ही लांबची सिंधीच.

कौतुक करणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. फाळणीनंतर दहा-बारा लाख हिंदू सिंध सोडून आले. अनेकजण कराचीहून बोटीने मुंबई, ओखा, पोरबंदरला उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं गोणपाटाचे पडदे लावून राहिली. त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. तिथे जे उभं राहिलं ते कष्टाने उभं राहिलं आणि त्याला नाव ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. देशाबाहेरही तेच. हाँगकाँगची शिंपीकामाची दुकानं, लागोसची कापडाची पेढी, मनिलाचा व्यापार, जिब्राल्टरच्या मेन स्ट्रीटवरची दुकानं, अगदी चिलीच्या दक्षिण टोकाचं पुंता अरेनास : एवढ्या लहान समाजाचा एवढा मोठा पसारा क्वचितच सापडेल.

पण हा पसारा फाळणीने घडवलेला नाही. तो तिच्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं सुरू झाला होता. १८४३ मध्ये इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने सिंध जिंकलं आणि चार वर्षांनी ते मुंबई इलाख्याला जोडलं गेलं. त्यानंतर हैदराबादचे, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादचे, ‘भाईबंद’ म्हणवणारे व्यापारी मुंबईत गोऱ्या साहेबांना सिंधचं भरतकाम, हालाच्या लाखकामाच्या वस्तू विकू लागले. या मालाला ‘सिंध वर्क’ म्हणत, म्हणून हे व्यापारी झाले सिंधवर्की. १८६०च्या सुमारास ते बोटींच्या मार्गाने निघाले. इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर एका बाजूला, सिंगापूर, जावा, योकोहामा दुसऱ्या बाजूला, पुढे पनामा. त्याहीआधी शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या कंदाहार-बुखाऱ्यापर्यंत चालत होत्या. मग हा सगळा डोलारा कशावर उभा होता? क्लॉड मार्कोव्हिट्स या इतिहासकाराने या व्यापाऱ्यांचा कसून अभ्यास केला आहे. त्यातून दिसतं ते असं की पेढी जगात कुठेही असो, तिचा गुमास्ता हैदराबादमधूनच भरती व्हायचा. अडीच-तीन वर्षांचा करार, जेवण-राहणं पेढीकडे, आणि करार संपला की काही महिने घरी. बायको, आई, पोरं हैदराबादेत, त्या छपरांवर वारा पकडणारे ‘मंघ’ असलेल्या घरांत. माणूस विश्वासाचा की लबाड हे त्याच्या मोहल्ल्यात विचारून कळायचं. कोबेमधला हिशोब आणि त्याची हैदराबादला जाणारी पत्रं एकाच व्यापारी लिपीत लिहिली जायची.

म्हणजे ज्या काळात सिंधी सर्वांत जास्त भटकत होते, त्याच काळात ते सर्वांत घट्ट बांधलेले होते. साठ-सत्तर वर्षं परदेशात पेढ्या चालवूनही त्यांची बोली जिवंत राहिली, कारण प्रत्येक करार हैदराबादच्या उंबऱ्यावर येऊन संपत होता. मग १९४७ नंतर काय बदललं? जिब्राल्टर तेच होतं, कोबे तेच, दुकानाच्या पाट्याही त्याच. पेढ्या तर वाढल्याच, कारण घर गमावलेले अनेक जण चुलत्या-मामाच्या परदेशातल्या दुकानात कामाला लागले. बदललं एवढंच की परतायचा उंबरा राहिला नाही. आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत भाषा घरातल्या म्हाताऱ्यांपुरती उरली. मलेशियातल्या सिंधी कुटुंबांवर भाषाशास्त्रज्ञ माया खेमलानी डेव्हिड यांनी काम केलं आहे. तिथे तरुण पिढी इंग्रजीकडे वळल्याचं त्यांनी नोंदवलं. परदेशी राहिल्यामुळे भाषा जाते असं असतं, तर ती १९२० सालीच जायला हवी होती.

सिंधच्या फाळणीचं वेगळेपण इथे आठवावं लागतं. पंजाब आणि बंगाल चिरले गेले. निम्मा तुकडा तरी भारतात राहिला. लाहोर गेलं तरी अमृतसर होतं, ढाका गेलं तरी कोलकाता होतं. निर्वासित पंजाब्याला उजाडलेलं शेत मिळालं नसेल, पण पंजाबी पाटीची शाळा मिळाली. सिंध अख्खाच पलीकडे गेला. कापाकापीही पंजाबइतकी झाली नव्हती. पुष्कळ लोक राहण्याच्या तयारीत होते, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. आपल्या राष्ट्रगीतात ‘पंजाब, सिंध, गुजरात, मराठा’ म्हणताना त्यातला एकच प्रदेश नकाशावर आपल्याकडे नाही. तो शब्द बदला म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्जही झाला होता. न्यायालयाने २००५ साली तो फेटाळला, हे फार बरं झालं.

आता ‘काही मागितलं नाही’ याबद्दल. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मागणाऱ्यांच्या कष्टावर ते पाणी ओततं. भाई प्रताप दयालदासांनी निर्वासितांसाठी शहर वसवायचं ठरवलं, त्यासाठी जमीन मागितली. कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर दिली आणि गांधीधाम उभं राहिलं. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे लोकांनी दाखल केले, १९५४च्या कायद्याने नुकसानभरपाई ठरली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधी यावी म्हणून सिंधी नेते जयरामदास दौलतराम आणि त्यांच्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० एप्रिल १९६७ ला ती पंधरावी भाषा म्हणून दाखल झाली. छावणीतल्या बराकी, रेशन, पुढे भूखंड, हे सरकारनेच दिलं आणि ते द्यायलाच हवं होतं. म्हणजे सिंध्यांनी मागितलं, भांडून मागितलं, आणि जिथे मिळालं तिथे ते उभे राहिले. मग कोयनेच्या माणसाने साठ वर्षं तेच मागितलं तर तो रडका कसा? त्याच्याकडे तर हाँगकाँगमध्ये पेढी असलेला मामाही नव्हता.

यावर एक आक्षेप येतो, तो मला सर्वांत अवघड वाटतो. जमिनीचा हट्ट धरला की रक्त सांडतं, असं काही विचारी माणसं म्हणतात. विसाव्या शतकाने हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. सिंध्यांचं घर त्यांच्या सोबत चालतं. मंदिरात सिंध्यांचं दैवत झूलेलाल, शेजारी गुरू ग्रंथसाहिब, ओठांवर सूफी कवी शाह अब्दुल लतीफ. माणसाने असंच असावं, मातीला चिकटून कोणाचं भलं झालं? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्यातली भीती मला पटते. पण सोबत चालणाऱ्या घराला छप्पर दुसऱ्याचं असतं, हे त्यात सुटतं. योकोहामात सिंधी व्यापाऱ्यांची चांगली वस्ती होती. १९२३च्या भूकंपात शहर कोसळलं आणि बरेच जण कोबेला गेले, शून्यापासून. जिब्राल्टरची सीमा स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने १९६९ ला बंद केली. ती पूर्ण उघडायला १९८५ उजाडलं. सोळा वर्षं. फिरत्या माणसाचं नशीब दुसऱ्याच्या दारावरच्या कडीत असतं. शिवाय मी जागा म्हणतोय ती झेंडा-सैन्यवाली नव्हे. शाळेतला एक वर्ग, परीक्षेतला एक विषय, विद्यापीठातला विभाग, रस्त्यावरची पाटी, दफ्तरात त्या भाषेतला अर्ज घेणारा माणूस : भाषेला एवढी जागा पुरते. पण ती सार्वजनिक असावी लागते. स्वयंपाकघर ही भाषेची जागा आहेच, पण एकट्या स्वयंपाकघरावर तिचं पोट भरत नाही.

‘ही ज्याची त्याची निवड’ असं म्हणणाऱ्यांना मी सिंगापूरकडे बघायला सांगेन. तिथे सिंधी व्यापाऱ्यांची संघटना १९२१ पासून आहे, पैसा आहे, मान आहे. तिथल्या शाळांत मुलाला इंग्रजीबरोबर ‘मातृभाषा’ म्हणून एक विषय घ्यावा लागतो. भारतीय मुलांसाठी तमिळ होतीच, १९९०च्या दशकात हिंदी, पंजाबी, गुजराती, बंगाली, उर्दू यांनाही वाट मिळाली. सिंधी त्या यादीत नाही. सिंधी मूल मातृभाषेच्या परीक्षेत हिंदी लिहून येतं. त्या आईबापांनी भाषा ‘निवडली नाही’ असं म्हणायचं का? याच्या शेजारी मॉरिशसचे मराठी ठेवून बघा. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेली ही माणसं आज घरी क्रिओल बोलतात, तरीही तिथल्या शाळांत मराठी हा विषय आहे, शिक्षक तयार होतात, पोरं मराठीचा पेपर लिहितात. ती मराठी पुण्याच्या मराठीइतकी सराईत नसेल, पण पकडायला दोरी आहे. लास पाल्मासच्या त्या पोराच्या हातात कुठली दोरी आहे? माझं तर म्हणणं आहे की मराठी शाळांना टाळं लागताना ‘पालकांची निवड’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांचा खरा अर्थ आपल्याइतका कोणाला कळायला नको.

राहिला शेवटचा मुद्दा : सिंधी मरतेय कुठे, सिंधमध्ये कोट्यवधी लोक ती बोलतात! खरं आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती तिथे का टिकली तेही बघू या. १९७२ साली सिंधच्या विधानसभेने सिंधी भाषेचं विधेयक मंजूर केलं तेव्हा कराचीत दंगली उसळल्या. पायाखाली जमीन असतानाही त्यांना भाषेसाठी दरबारात भांडावं लागलं, भांडले म्हणून आज तिथे सिंधीत पुस्तकं निघतात. मात्र ती पुस्तकं उल्हासनगरच्या मुलाला वाचता येत नाहीत, कारण मधे सीमा आहे आणि लिपी आहे. भारतात १९५०च्या सुमारास अरबी लिपी की देवनागरी यावर दोन तट पडले. सरकारने शेवटी दोन्ही मान्य केल्या आणि समाजाची ताकद त्या भांडणात खर्ची पडली. गोव्यात कोकणीचं रोमी, म्हणजे रोमन लिपी, की देवनागरी हे बघितलेल्यांना त्या वादाची धग माहीत आहे. तरी लिपीवर सगळं खापर फोडणं मला चुकीचं वाटतं. मराठीने मोडी सोडलीच ना? जुनी दफ्तरं मुकी झाली, हा तोटा लहान नाही, पण मराठी गेली नाही. तिच्याखाली गाव होतं, बाजार होता, कचेरी होती. २०११च्या जनगणनेत भारतात सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे २७ लाख ७२ हजार. त्यातले दहा लाखांवर कच्छी बोलणारे, म्हणजे ज्यांचं गाव हललंच नाही ते.

गांधीनगर वसलं ती जागा वळिवड्याच्या छावणीची, हे अनेक कोल्हापूरकरांनाही ठाऊक नसतं. सिंधी येण्याआधी, १९४३ ते १९४८, तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या बायका आणि पोरं बहुतेक. पाच वर्षं टिकलेल्या त्या छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. पोरं पोलिशमध्ये शिकली, परीक्षा पोलिशमध्ये दिल्या. नंतर ती इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पांगली, पण म्हातारपणी कोल्हापूर बघायला आली तेव्हाही एकमेकांशी पोलिश बोलत होती. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. त्याच बराकींत त्यानंतर आलेले सिंधी तिथेच कायमचे राहिले, गावाला बाजारपेठ दिली, मराठी शिकले. पाच वर्षांच्या पाहुण्यांना स्वतःच्या भाषेत जे मिळालं, ते पंचाहत्तर वर्षांच्या शेजाऱ्यांना आपण किती दिलं, हे त्या संदेशाखाली टाळ्यांची चिन्हं टाकणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं. महाराष्ट्रात सिंधी साहित्य अकादमी आहे, पुरस्कार दिले जातात, चांगलंच आहे. मला हवं ते त्याहून साधं आहे. उल्हासनगर, पिंपरी, गांधीनगर इथल्या ज्या शाळांत सिंधी मुलं मोठ्या संख्येने आहेत, तिथे पहिलीपासून सिंधी हा विषय, पगारी शिक्षकासह. आणि त्याच्या तासांना बसायची मुभा सिंगापूर-दुबई-लास पाल्मासच्या पोरांनाही, पडद्यावरून. असा एक वर्ग कल्याणजवळ भरू लागला तर जगभरच्या दुकानांना पुन्हा एक उंबरा मिळेल. ‘मराठीचंच धड नाही, सिंधीचं कुठे काढता?’ असं कोणी म्हणेल. सिंधीच्या तासाने मराठीचा तास कमी होत नाही. आपल्या भाषेवर प्रेम असलेल्या माणसाला दुसऱ्याची भाषा जाताना बघून चैन पडू नये.

आणि आपला या भाषेशी जुना लेखी संबंधही आहे. सिंध मुंबई इलाख्यात असताना तिथल्या शिक्षण खात्यात नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे मराठी अधिकारी होते. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही त्यांचं नाव आहे. १८६८ च्या सुमारास सिंधी व्यापाऱ्यांची ती कान्या-मात्र्याविना लिहिली जाणारी लिपी नीट बांधून शाळेत शिकवण्याजोगी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

हे मी शेठना सांगितलं, तेव्हा ते उठून आत गेले आणि कापडात गुंडाळलेली एक उभी वही घेऊन आले. त्यांच्या वडिलांची, हैदराबादहून आणलेली. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई मात्र ठळक. शेठना तिच्यातलं एक अक्षर लागत नाही, आकडे तेवढे ओळखतात. उधारी असेल, म्हणाले, किंवा घराचा हिशोब असेल. मी चार पानांचे फोटो काढून आणले आहेत. मोडीचा कागद असता तर कोल्हापुरात वाचणारे सापडले असते. पुराभिलेखागार आहे, मोडीचे वर्ग होतात, परीक्षा होते. ही वही कुठल्या खिडकीवर न्यायची?